तलाव बांधू की बोटीत भागी घेऊ? दहा वर्षांचा खर्च सांगा

गंगापूररोडवाला

नमस्कार मंडळी.

नाशिकला पंचवटीतला वडिलांच्या वेळचा गाळा विकला. बहिणींचं देऊन, कर भरून हातात पंधरा लाख उरले. एफडी करा म्हणणारे सगळे आधीच घरी येऊन चहा पिऊन गेलेत, तेव्हा तो सल्ला सोडून बोला.

गिरणाऱ्याच्या अलीकडे आमचा बारा गुंठ्यांचा प्लॉट आहे. दोन खोल्यांचं घर, केशर आंब्याची चाळीस झाडं, एक बोअर. मुलांना (९ आणि १३) तिथे पोहायला तलाव हवाय. सौ. म्हणते, मे महिन्यात आठ दिवस उड्या मारतील आणि उरलेलं वर्षभर पाला मी काढायचा.

दुसरीकडे ठाण्याचा मेहुणा. त्याने अलिबागजवळ मांडव्याला एका मित्राबरोबर एक जुनी बोट बघून ठेवली आहे. अठरा फुटी, फायबरची, साठ एचपीचं इंजिन. साडेदहा लाखांना मिळतेय, तिसरा भागीदार हवाय, म्हणजे माझे साडेतीन.

तलावाचं कोटेशन असं: २४ बाय १२ फूट, सरासरी खोली साडेचार, आरसीसी, आतून टाइल, पंप-फिल्टरसकट ११ लाख ८० हजार.

घ्यायला किती लागतात ते कळलं. पोसायला किती लागतात ते कुणी सांगत नाही. ज्यांच्याकडे आहे किंवा होतं, त्यांनीच लिहा प्लीज.

मिसळ_विथ_जिलबी

पंधरा लाखांत दोन्ही जवळपास बसतंय की. तलाव बांधा, बोट त्यात सोडा.

मखमलाबादकर

माझ्याकडे सहा वर्षांपासून तलाव आहे आणि माप जवळपास तुमच्याइतकंच. सविस्तर लिहितो, कारण मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी: २४ × १२ × ४.५ म्हणजे १,२९६ घनफूट, साधारण ३७ हजार लिटर. पहिल्यांदा भरायला दहा हजारी चार टँकर. ठेकेदार म्हणेल, एकदा भरलं की झालं. होत नाही. तुमच्या तलावाचा पृष्ठभाग सुमारे २७ चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर पाणी उडालं की २७ लिटर गेले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन आणि कोरडा वारा, दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज जातं. रोजचे २०० लिटर, महिन्याचे सहा हजार. शिवाय दर आठवड्याला फिल्टरची वाळू उलटी धुवायची, त्यात तीनेकशे लिटर गटारात. आणि बोअर नेमका मार्चमध्येच मान टाकतो.

वीज: एक एचपीचा पंप रोज सहा तास. ताशी जवळपास एक युनिट, महिन्याला १८०. हे घरच्या वापरावर चढतात, त्यामुळे वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. मी सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये पकडतो, म्हणजे महिना २,७००. थंडीत कुणी उतरत नाही म्हणून पंप बंद ठेवून पाहिला होता. दहा दिवसांत पाणी पोपटी झालं आणि ते परत निळं करायला जेवढं औषध लागलं, तेवढ्यात दोन महिने पंप चालला असता.

औषधं महिना दोन हजार. माणूस आठवड्यातून तीनदा येतो, त्याचे ३,५००. टँकर वर्षाला पंधराएक हजार. बेरीज करा: ३२ + २४ + ४२ + १५. वर्षाला १ लाख १३ हजार, काहीही न बिघडता.

बिघाड वेगळे. पंप दोनदा रिवाइंड केला, फिल्टरची वाळू एकदा बदलली, पाचव्या वर्षी टाइलांचं ग्राउटिंग. सहा वर्षांत हे १ लाख ४० हजार.

तरी पश्चात्ताप नाही, कारण मी रोज सकाळी पोहतो. पाठीचं दुखणं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तुम्ही तिथे राहत नाही, हा मोठा फरक आहे.

गंगापूररोडवाला

धन्यवाद साहेब, हेच हवं होतं. माणूस न ठेवता मी स्वतः केलं तर? शनिवारी-रविवारी जातोच.

सोसायटी_सेक्रेटरी

आठवड्यातून एकदा जाऊन क्लोरिन सांभाळणं अवघड आहे. पाण्यात मोकळं क्लोरिन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या आत राहिला पाहिजे. उन्हात साधं क्लोरिन काही तासांत उडतं. म्हणून लोक टीसीसीएच्या (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरिनच्या) गोळ्या तरंगत्या डब्यात टाकून निघून जातात. आम्हीही तेच केलं आणि फसलो.

त्या गोळ्यांत क्लोरिनबरोबर सायन्युरिक आम्ल येतं. ते क्लोरिनला उन्हापासून वाचवतं, इथपर्यंत छान. पण ते स्वतः उडत नाही, साठत जातं. १० पीपीएम क्लोरिन टाकलं की ६ पीपीएम हे. रोज २ पीपीएमच्या हिशोबाने तीन महिन्यांत शंभरी पार. मग किटमध्ये क्लोरिन व्यवस्थित दिसतं आणि पाणी मात्र हिरवं. आमचा केअरटेकर रोज मला पिवळ्या रंगाची नळी आणून दाखवायचा, 'साहेब, बराबर आहे', आणि मागे भिंतीला हात लावला तर शेवाळ बोटाला चिकटायचं. यावर औषध नाही, निम्मं पाणी सोडून नवीन भरायचं. मे महिन्यात निम्मा तलाव टँकरने भरला, सभासदांनी सभेत माझं काय केलं ते लिहीत नाही.

आता आम्ही पिवळं हायपो, म्हणजे कॅनमधलं पातळ क्लोरिन, वापरतो. स्वस्त आहे, पण उन्हाळ्यात कॅनमध्येच त्याचा जोर उतरतो, साठवून ठेवता येत नाही. आणि बोअरचं पाणी जड असेल तर पाण्याच्या रेषेवर टाइलांना पांढरा थर बसतो, तो आम्लाने घासावा लागतो. बसतो म्हणजे बसतोच, आपल्या काळ्या खडकातल्या बोअरला.

काळी_माती_काळा_खडक

मी सिव्हिलवाला. कोटेशनमध्ये मातीची तपासणी आहे का? गिरणाऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तलावाची भिंत दर वर्षी त्यात चेपली जाते आणि सुटते. खाली मुरूम लागेपर्यंत खोदून, बाजूने मुरूम भरून, पाणी जायला वाट काढली नाही, तर चौथ्या-पाचव्या वर्षी टाइलांत तिरकी चीर दिसेल. ग्राउटिंगवाले येऊन पैसे घेऊन जातील, चीर परत येईल.

दुसरं, पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवू नका. 'चार महिने वापर नाही, रिकामा करून टाकू' असं प्रत्येकाला सुचतं. तुमच्या मापाच्या तलावाचं काँक्रीट सहा इंची धरलं तर वजन वीस-बावीस टन. जुलैत भोवतालच्या जमिनीत काठोकाठ पाणी भरलं, तर त्याला वर ढकलणारं बळ चाळीस टनांच्या वर जातं. आत पाणी असेल तर तोल राहतो. नसेल तर अख्खा तलाव उचलला जातो. एका साइटवर पाहिलंय, एक कोपरा सात-आठ इंच वर, कडेच्या फरश्या उखडलेल्या, पाइप तुटलेले. मालक विचारत होते, परत खाली बसवता येईल का. नाही येत.

मिसळ_विथ_जिलबी

म्हणजे तलावाचीच बोट होते! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

काळी_माती_काळा_खडक

हसा. तोडून परत बांधला त्यांनी.

रेवस_रिटर्न

आता बोटीचं. मी नाशिकचा, आणि चार वर्षं अलिबागकडच्या एका बोटीत तिसरा भागीदार होतो. म्हणजे मी तुमचा भूतकाळ नाही, भविष्यकाळ आहे.

तीन लाखांना भाग घेतला, १ लाख ९० हजारांना विकला. तोटा १ लाख १० हजार. लोक इथवरच मोजतात. वर्षाचा आमचा खर्च असा यायचा: जागा आणि राखणदार ९६ हजार, पावसाळ्याआधी बाहेर काढून शाकारून ठेवणं आणि पुन्हा उतरवणं ३० हजार, बुडाचा थर खरवडून रंग ४५ हजार, इंजिन सर्व्हिस ३५ हजार, विमा-नोंदणी-सर्व्हे २५ हजार. एकूण २ लाख ३१ हजार, माझ्या वाट्याला ७७ हजार. बोट हलो अथवा न हलो.

फेऱ्या किती केल्या? डायरीत आहे. पहिल्या वर्षी ९, मग ६, मग ४, शेवटच्या वर्षी २. एकूण एकवीस. तोटा आणि चार वर्षांचा वाटा मिळून ४ लाख १८ हजार, म्हणजे एका फेरीला वीस हजार. पेट्रोल वेगळं. साठ एचपीचं इंजिन मध्यम वेगात ताशी बारा-पंधरा लिटर पितं. नाशिकहून तिथपर्यंतचं गाडीचं डिझेल, टोल, मुक्काम वेगळा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं, मग वारा पडलेला नसतो, मग भागीदाराचा फोन येतो की आज त्याचे पाहुणे आहेत.

जूनपासून समुद्र बंद, कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ सोडून परत उतरतात. आपली बोट त्यानंतरही महिनाभर किनाऱ्यावरच, कारण रंगवाला मिळत नाही. डिसेंबर ते मार्च खरा मोसम, म्हणजे नाशिकला लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा.

एक प्रसंग सांगतो. या इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. इंजिन थंड करायला ओढलेलं पाणी फिरतंय, एवढंच ती सांगते. तांडेल (बोट चालवणारा) सोबत असला की त्याची नजर तिच्यावर असते. आम्ही त्या दिवशी तांडेलाचे पैसे वाचवायला तिघेच गेलो होतो. खाडीच्या तोंडाशी भोंगा वाजायला लागला आणि इंजिन आपोआप मंदावलं. मागे पाहिलं तर धार नाही. आत पाणी ओढणारा एक रबरी पंखा असतो, मुठीत मावेल एवढा, पाकळ्यांच्या फुलासारखा. दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो. तिघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने बदलून घेतला असेल. एका मासेमारी बोटीने दोरी टाकून ओढत आणलं, काठावरची सगळी पोरं बघत होती. पंख्याची किंमत एका हॉटेलच्या बिलाएवढी, डोकं उघडून बसलेलं इंजिन नीट करायचे बावीस हजार.

खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, बुडाशी जस्ताची वडी असते ती झिजली की बदलायची. हे कोण करणार, हा प्रश्न आधी लिहून घ्या, भागीदारीचा कागद नंतर करा.

एवढं असूनही एक मान्य करतो. कंटाळलो तेव्हा बोट विकता आली. तलाव विकता येत नाही.

करसल्लागार_नाही

नवी घेणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. जुनीच बघा.

गोदाकाठी

मांडव्यापर्यंत कशाला जायचं? गंगापूर धरण घरापासून दहा मिनिटांवर. तिथेच बोट ठेवा की.

वैतरणा_वल्हे

कृपया असा सल्ला देऊ नका. गंगापूर धरणातून शहराचं पिण्याचं पाणी येतं. तिथे पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, तिकीट काढून बसा, पण खासगी बोट मनात आलं म्हणून सोडता येत नाही, जलसंपदाची परवानगी लागते. इंजिन असेल तर २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली नोंदणी, सर्व्हे, विमा हे सगळं इथल्या गोड्या पाण्यातही आलंच. शिवाय उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं. जानेवारीत जिथे उतरलात तिथून मे महिन्यात पाण्यापर्यंत चिखलातून चालायचं, अठरा फुटी बोट ओढत.

नदीत म्हणाल तर पाणवेली पंख्यात गुंडाळल्या की पाच मिनिटांत इंजिन बंद. आणि पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना कुणी बोट बांधून ठेवत नाही.

मी हवा भरायची कयाक वापरतो. डिकीत मावते, ती आणि दोन लाइफ जॅकेट मिळून चाळीस हजारांच्या आत. पाच वर्षांत एक पंक्चर. परवानगी विचारूनच उतरतो. आणि ज्यांना वाटतं कोरड्या भागातल्या माणसाने पाण्याचा नाद करू नये, त्यांच्यासाठी: चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला होता.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

वाचून करमणूक झाली. आमच्याकडं प्रत्येकाच्या मळ्यात याच्या तीसपट पाणी उघड्यावर पडलेलं असतं, त्याला शेततळं म्हणतात. पाचशे मायक्रॉनचा कागद, खर्च मोजूनच करतो, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तेच पाणी वेलीला द्यायचं असतं. खेकडा किंवा घूस लागली की कागदाला भोक, रात्रीत हातभर पाणी खाली.

पण त्यात पोहायचं म्हणाल तर हात जोडून सांगतो, नको. कागद ओला झाला की शेवाळानं साबणासारखा होतो. उतारावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी वर येता येत नाही. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी रडारड होते. मी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवलेत, ट्यूब बांधल्यात आणि कुंपणाला कुलूप आहे.

तुम्हाला एक विचारतो. चाळीस आंबे आहेत म्हणता, त्यांना पाणी कशातून देता?

गंगापूररोडवाला

बोअर थेट ड्रिपला. दाब कमी पडतो म्हणून सिंटेक्सची टाकी घ्यायचा विचार आहे.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

मग टाकी घेऊ नका, हौद बांधा. आमच्या विहिरीवर आजोबांनी बांधलेला होता, पंप चालू झाला की आम्ही पोरं त्या धारेखाली. बारा बाय आठ, साडेतीन फूट उंच, जमिनीच्या वर. साडेनऊ हजार लिटर होतात. पोरं डुंबली की पाणी ड्रिपला. झाडामागं साठ लिटर धरले तर रोजचे २,४००, चार दिवसांत हौद रिकामा आणि नवीन पाणी. फिल्टर नको, गोळ्या नको. पाणी झाडाला जाणारंच होतं.

काळी_माती_काळा_खडक

याला माझा पाठिंबा. जमिनीच्या वर असला की उचलला जायचा प्रश्न नाही आणि गळती डोळ्यांना दिसते. फक्त पाया मुरमापर्यंत न्या.

शून्य_टक्के_व्याज

कुणी भाड्याचं बोललंच नाही. तलाव असलेलं फार्महाऊस वीकेंडला द्या, दोन वर्षांत वसूल.

कॉलेजरोड_माई

माझ्या दिराने दिलंय. दर सोमवारी तलावातून बाटल्यांची झाकणं निघतात, फिल्टरच्या जाळीत केस. वीजजोड व्यावसायिक करावा लागला. एकदा एक पाहुणा रात्री दोन वाजता उथळ बाजूला डोक्यावर पडला, टाके आले, पोलीस येऊन गेले. तेव्हापासून रात्री कुणी तरी जागं बसतं. ते वसूल होतंय म्हणतात, झोपेचे पैसे धरत नाहीत.

धागाकर्ते, मुलं पोहायला शिकली आहेत का? नसतील तर आधी त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर घाला.

गंगापूररोडवाला

सगळ्यांचं वाचून काल रात्री बसलो. सौ.ने भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. प्लॉटवर गेलो त्या तारखांना ती दुधाच्या खुणेसारखा गोल करते. मोजले, ३१ दिवस. मला साठ तरी वाटत होते.

तलाव: ११.८ बांधकाम, ११.३ दहा वर्षांचा चालू खर्च, बिघाडाचे तीन. सव्वीस लाख, महागाई न धरता. भागिले ३१०. एका दिवसाला ८,४००. त्यातही थोरला पाच वर्षांनी शिकायला बाहेर जाईल.

बोटीच्या बाबतीत मेहुण्याला तो रबरी पंखा शेवटचा कधी बदललाय ते विचारलं. 'बघतो' म्हणाला, तीन आठवडे झाले.

हौदाचं कोटेशन मागवलं. पायासकट, आतून घोटलेलं सिमेंट, एका कडेला बसायला पायरी, १ लाख ६५ हजार. सिंटेक्सचे पैसे वाचतात ते वेगळेच.

मखमलाबादकर

चांगलं करताय. फक्त खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह दोन इंची घ्या, एक इंची नको. आणि त्याच्या तोंडाला जाळी, मुलांचा पाय किंवा केस ओढले जाणार नाहीत अशी.

गंगापूररोडवाला

अपडेट. हौद मेच्या पहिल्या आठवड्यात भरला. थोरला म्हणाला, यात पोहता येत नाही, नुसतं बसता येतं. मग दोन तास बाहेर आला नाही. त्याला आणि धाकटीला सावरकर तलावाच्या बॅचला घातलंय.

मेहुण्याला तिसरा भागीदार मिळाला. दिवाळीनंतर बोलावलंय, पेट्रोल माझं या अटीवर.

आता प्रश्न द्राक्षवाल्या भाऊंना. पंधरा दिवसांत कडेला हिरवं धरायला लागलंय. खराट्याने निघेल की चुना मारायचा? आणि पावसाळ्यात झाडांना पाणी लागणार नाही तेव्हा याचं काय करायचं?

दिंडोरीचा_द्राक्षवाला

रिकामा झाला की आधी खराटा, मग चुन्याचा पातळ हात, एक दिवस वाळू द्या. पहिलं पाणी पोरांना नाही, झाडांनाही नाही, बाहेर सोडा. पावसाळ्यात भरलेला राहू द्या आणि गप्पी मासे सोडा, मलेरियाच्या ऑफिसात मागितले तर देतात. पोरं उतरतील तेव्हा मासे बादलीत काढायला विसरू नका, आमच्या नातवानं एकदा अख्खं कुटुंब ड्रिपच्या फिल्टरमध्ये घातलं होतं.